एकच सेशन टेबल, तीन डेटाबेस आणि काकूंची वही

झालं असं की इंदूरच्या एका वाचनालयात सकाळच्या पाळीत काउंटरवर बसणाऱ्या काकू, ज्या पुस्तकांची देवघेव आणि वर्गणीच्या पावत्या आमच्या सॉफ्टवेअरवर करतात, त्या जवळजवळ महिनाभर मधूनच लॉगआउट होत होत्या आणि त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही. का नाही सांगितलं, तर त्यांना वाटत होतं आपल्याच हातून काहीतरी भलतं बटण दाबलं जातंय. वय साठच्या पुढे, कॉम्प्युटर शिकल्या तो वाचनालयातच, त्यामुळे दोष पहिला स्वतःकडे घ्यायची सवय. मला हे कळलं तेव्हा खरंच फार वाईट वाटलं, कारण चूक शंभर टक्के आमची होती, आणि ती एका जागी नव्हती, तीन जागी तीन वेगळ्या रूपात बसलेली होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची टीम चार जणांची, रामबागेजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर बसतो. सभासद, फी, वर्गणी, पावत्या हे सांभाळणारं एक वेब सॉफ्टवेअर आम्ही नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) बनवलंय आणि ते छोट्या संस्थांना देतो. डेटाबेस मात्र तीन, इंदूरचं वाचनालय क्लाउडवर पोस्टग्रेसवर चालतं, ग्वाल्हेरचा एक कोचिंग क्लास त्याच्या आधीपासूनच्या होस्टिंगवर मायएसक्यूएलवर, आणि आमचे सगळ्यांचे लॅपटॉप एसक्यूलाइटवर कारण ते सोपं पडतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. टेबलं बनवायची मायग्रेशन फाइल बहुतेक ठिकाणी एकच. याचा आम्हाला अभिमान होता, एकच फाइल तिन्हीकडे चालते म्हणून. चालत होती, म्हणजे एरर देत नव्हती इतकंच.

काकूंचा फोन आला तो असा, "अगं बेटा, काय होऊन राहिलंय बघ ना, पावती करता करता मला बाहेर काढतंय हे, माझंच काही चुकत असेल तर सांग." मी म्हटलं काकू तुमचं काही चुकत नाहीये, बघते. आणि बघितलं तर काहीच दिसेना. मी लॉगिन केलं, पावती केली, अर्धा तास इकडे तिकडे क्लिक केलं, सगळं ठीक. मग नेहमीचे संशयित, नेट गेलं असेल, ब्राउझरने कुकी (लॉगिनची ब्राउझरमधली खूण) उडवली असेल, दोन टॅब उघडे असतील. दोन दिवस यातच गेले. धाकट्याने (आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, त्याला सगळे धाकटाच म्हणतात) काकूंच्या कॉम्प्युटरवर दुसरा ब्राउझर टाकून दिला, त्यातही तेच.

वही

तिसऱ्या दिवशी मी स्वतः वाचनालयात गेले. काकूंनी चहा मागवला आणि ड्रॉवरमधून एक वही काढली. आपण नक्की काय केल्यावर बाहेर फेकले जातो ते शोधायला त्यांनी प्रत्येक वेळेची नोंद ठेवली होती. "११.४० बाहेर, पावती चालू होती, ११.४२ परत आत." "११.५५ बाहेर, नुसतं नाव शोधत होते." अशी तीन पानं. मधे तीन ठिकाणी लिहिलेलं, "वरचे पण बाहेर." म्हणजे वरच्या मजल्यावर बसणारे सचिव काकाही त्याच वेळी लॉगआउट झाले होते.

मी सांगते, मी इतकी वर्षं हे काम करतेय पण इतका चांगला बग रिपोर्ट मला क्वचितच मिळालाय. वेळ, तेव्हा काय चालू होतं, आणखी कोणाला झालं, सगळं त्यात. मी पानांचे फोटो काढले आणि ऑफिसला येऊन सर्व्हरच्या लॉगशी एकेक ओळ जुळवत बसले. पहिल्या पंधरा नोंदींतच दिसायला लागलं की प्रत्येक "बाहेर"च्या जरा आधी कोणीतरी पावत्यांचा रिपोर्ट उघडलाय. कोणी, तर सचिव काकांनी, कारण ते रोज साडेअकरा ते बाराच्या दरम्यान रोख मोजायला बसतात आणि रिपोर्टशी ताळा करतात. काकूंचं लॉगआउट आणि काकांचा रिपोर्ट यांचा संबंध काय असू शकतो हे मला तेव्हा अजिबात कळेना, पण संबंध आहे एवढं नक्की झालं.

मग टेस्ट सर्व्हरवर रिपोर्ट उघडला आणि लगेच दुसऱ्या ब्राउझरमध्ये क्लिक केलं, बाहेर! परत लॉगिन, परत रिपोर्ट, परत क्लिक, परत बाहेर. मग धाकट्याला दाखवायला बोलावलं, तो येईपर्यंत थोडा वेळ गेला, आणि क्लिक केलं तर काहीच झालं नाही. हा दहा-पंधरा सेकंदांचा फरकच पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

पूलमधलं एक बिघडलेलं कनेक्शन

रिपोर्टमध्ये साधारण महिनाभरापूर्वी एक दुरुस्ती झाली होती. पोस्टग्रेसचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असल्यामुळे सकाळी ९ ची पावती रिपोर्टात पहाटे साडेतीनची दिसायची आणि काकांनी तक्रार केली होती. रिपोर्टची तारीख-वेळ आम्ही एसक्यूएलमध्येच टू_चार (वेळेचा मजकूर बनवणारं फंक्शन) वापरून छापत होतो, म्हणून कोणीतरी रिपोर्टच्या क्वेरीआधी एक ओळ टाकली, सेट टाइम झोन 'एशिया/कोलकाता'. रिपोर्ट बरोबर दिसायला लागला, सगळे खूश.

पण पोस्टग्रेसमध्ये साधं सेट हे ॲप आणि डेटाबेस यांच्यातल्या त्या कनेक्शनला चिकटून राहतं, कनेक्शन बंद होईपर्यंत. आणि आपलं कनेक्शन बंद होत नाही, ते पूलमध्ये, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात, परत जातं आणि पुढच्या रिक्वेस्टला दिलं जातं. नोडच्या पोस्टग्रेस लायब्ररीचा पूल जास्तीत जास्त १० कनेक्शन ठेवतो आणि १० सेकंद वापरलं नाही तर ते बंद करून टाकतो, दोन्ही डिफॉल्ट, आम्ही कधी हात लावला नव्हता. म्हणजे रिपोर्टनंतर एक कनेक्शन भारतीय वेळेवर आणि बाकीची यूटीसीवर. काउंटरवर गर्दी असेल तर ते बिघडलेलं कनेक्शन सतत वापरात राहणार, मरणारच नाही. आणि मी एकटी शांतपणे टेस्ट करत बसले तर १० सेकंदांत ते आपोआप बंद, पुरावाच नाहीसा. काकूंना सकाळी साडेअकराला दिसतं आणि आम्हाला दुपारी चारला दिसत नाही याचं कारण हे.

ठीक, पण टाइम झोन बदलला म्हणून सेशन, म्हणजे टेबलात ठेवलेली लॉगिनची नोंद, का मरावं? इथे खरी चूक आहे. सेशन टेबलात मुदतीचा कॉलम नुसता टाइमस्टँप असा होता. पोस्टग्रेसमध्ये नुसतं टाइमस्टँप म्हणजे टाइम झोन नसलेला. आमचा कोड त्यात आयएसओ या प्रमाणित पद्धतीची स्ट्रिंग (नुसता मजकूर) टाकायचा, मधे टी आणि शेवटी झेड असलेली, झेड म्हणजे यूटीसी. पोस्टग्रेस अशा कॉलमसाठी तो झेड गुपचूप सोडून देतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि तपासायला आम्ही लिहिलं होतं मुदत > करंट_टाइमस्टँप, आणि हे करंट_टाइमस्टँप मात्र टाइम झोनवालं असतं. दोन वेगळे प्रकार समोर आले की पोस्टग्रेस बिनझोनवाल्याला कनेक्शनचा झोन लावून बघतो.

आकडे घालून बघा. सकाळी १० ला लॉगिन, म्हणजे यूटीसी ०४:३०. सेशन दोन तासांचं, म्हणजे मुदत यूटीसी ०६:३०, टेबलात नुसतं ०६:३० गेलं. कनेक्शन यूटीसीवर असेल तर ०६:३० हे ०४:३० च्या पुढे आहे, सेशन जिवंत. कनेक्शन कोलकाता झोनवर असेल तर तेच ०६:३० सकाळचे साडेसहा वाचले जातात, आणि आत्ता १० वाजलेत, म्हणजे साडेतीन तासांपूर्वीच संपलं. ओळ तीच, आकडा तोच, फक्त वाचणारं कनेक्शन वेगळं. आणि सेशन सापडलं नाही की आमचा कोड नवीन रिकामं सेशन बनवून नवी कुकी देतो, त्यामुळे पुढची रिक्वेस्ट चांगल्या कनेक्शनवर गेली तरी उपयोग नाही, जुनी कुकी गेलेली असते.

"वरचे पण बाहेर" याचंही उत्तर इथेच मिळालं. दर १५ मिनिटांनी एक सफाईचं काम चालतं, संपलेली सेशन डिलीट करायचं. ते जर नेमकं बिघडलेल्या कनेक्शनवर पडलं तर त्याच्या हिशेबाने टेबलातली प्रत्येक ओळ संपलेली, सगळी पुसून टाकली. वहीतल्या तिन्ही नोंदी ११.४५ किंवा १२ च्या लगेच नंतरच्या होत्या.

तात्पुरता इलाज दहा मिनिटांचा होता. ती सेट टाइम झोनची ओळ काढली आणि छापायच्या जागीच ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता' लिहिलं, पावत्यांचा कॉलम सुदैवाने टाइम झोनवाला होता म्हणून हे बरोबर बसतं. बिनझोनवाल्या कॉलमवर हेच लिहिलं तर उलटं रूपांतर होतं, तिथे जपून. ज्यांना सेटच हवंय त्यांनी ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पार पडणाऱ्या क्वेरींचा गट) सेट लोकल वापरावं, ते ट्रान्झॅक्शन संपलं की आपोआप जातं. आणखी एक, झोनचं नाव न लिहिता 'यूटीसी+५:३०' असं लिहिलं तर पोस्टग्रेस पॉसिक्स या जुन्या मानकाच्या पद्धतीने अधिक म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला असं धरतो, म्हणजे तब्बल ११ तासांचा घोळ, त्यामुळे नेहमी पूर्ण नाव लिहा.

त्याच संध्याकाळी काकूंना फोन केला आणि सांगितलं की तुमचं काहीच चुकत नव्हतं, वर काका रिपोर्ट उघडायचे तेव्हा आमचा प्रोग्राम घड्याळ चुकीचं वाचायचा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे मी महिनाभर उगाच घाबरून राहिले." मला यावर काही बोलता आलं नाही.

लॅपटॉपवर का दिसलं नाही

इथे थांबता आलं असतं. पण मला एक गोष्ट टोचत होती की आम्ही चौघं रोज दिवसभर हेच सॉफ्टवेअर एसक्यूलाइटवर चालवतो, आमचा कोणाचा लॉगआउट कधी का झाला नाही? आणि मग लक्षात आलं की दोन तासांची मुदत असून आम्हाला कधीच, म्हणजे कधीच, परत लॉगिन करायला लागलेलं नाही. सकाळी एकदा केलं की दिवसभर. जेवून आलं तरी चालू. कुकीला आम्ही वेगळी मुदत दिलेली नव्हती, ब्राउझर उघडा असेपर्यंत ती राहणार, पण टेबलातली मुदत तर संपायला हवी होती. आम्हाला ते सोयीचं होतं म्हणून कोणी प्रश्न विचारला नाही.

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नसतो. कॉलमला टाइमस्टँप नाव दिलं तरी आत जाते ती आपण दिलेली स्ट्रिंग, जशीच्या तशी टी आणि झेडसकट. आणि करंट_टाइमस्टँप मागितलं की एसक्यूलाइट यूटीसीमधली वेळ देतं पण तारीख आणि वेळ यांच्या मधे टी नाही, स्पेस असते. आता तुलना होते ती अक्षराला अक्षर लावून. तारीख सारखी असेल तर पहिली दहा अक्षरं सारखी, अकराव्या जागी एकीकडे टी आणि दुसरीकडे स्पेस. टीचा कोड ८४, स्पेसचा ३२. म्हणजे टीवाली बाजू कायम मोठी, पुढे वेळ काहीही असो! यूटीसीची तारीख बदलेपर्यंत सेशन संपतच नाही, आणि ती तारीख आपल्याकडे बदलते पहाटे साडेपाचला. त्यावेळी ऑफिसात कोण असतं.

मला हा प्रकार पोस्टग्रेसच्या प्रकारापेक्षा जास्त वाईट वाटतो. लॉगआउट झालेला माणूस निदान फोन करतो, न झालेला कशाला करेल.

हे सगळं सचिव काकांना समजावताना (त्यांना इतिहासाची आवड, आणि आपल्या रिपोर्टमुळे काकूंना त्रास झाला हे त्यांना लागलं होतं) मी म्हटलं काका, वेळ एकच असते पण कोणत्या ठिकाणची ते सोबत लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. ते म्हणाले हे तर आपल्याला उज्जैनमुळे माहितीच हवं, जुन्या ज्योतिषांची शून्य रेखा उज्जैनवरून जायची, आणि आता प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, म्हणून तिकडे सवाई जयसिंगाच्या जंतरमंतरवर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून सरासरी २७ मिनिटं झालेली असतात. मी घरी येऊन हिशेब केला, अंशाला चार मिनिटं याप्रमाणे, बरोबर निघाला. इंदूरचंही जवळजवळ तेच. आता टीममध्ये कोणी नुसतं "१२ वाजता" म्हटलं की धाकटा विचारतो, कुठले?

ग्वाल्हेर

दोन डेटाबेसमध्ये दोन उलट्या चुका सापडल्यावर तिसऱ्याकडे न बघणं शक्यच नव्हतं. ग्वाल्हेरच्या क्लासकडून तक्रार कधीच नव्हती. पण आता तक्रार नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असं मला वाटेना.

मायएसक्यूएलला तो शेवटचा झेड स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग) चालत नाही, एरर येते, म्हणून त्या बाजूच्या कोडमध्ये टी आणि झेड काढून टाकलेले होते. आणि त्याच्याच खाली एक ओळ होती, मुदतीत १९८०० मिळवा. १९८०० म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद. का, तर मायएसक्यूएलचा टाइमस्टँप कॉलम आपण दिलेली वेळ कनेक्शनच्या टाइम झोनमधली आहे असं समजून आत यूटीसी करून ठेवतो आणि वाचताना परत बदलून देतो. (डेटटाइम हा दुसरा प्रकार असलं काही करत नाही, दिलेलं जसंच्या तसं ठेवतो.) जुना सर्व्हर भारतीय वेळेवर होता, त्यामुळे यूटीसीचे ०६:३० सकाळचे साडेसहा ठरायचे आणि लॉगिन झाल्या झाल्या लॉगआउट. कोणीतरी मूळ कारण न शोधता साडेपाच तास मिळवून टाकले आणि चाललं. कोण ते मी विचारलं नाही, त्या वेळी मीही हेच केलं असतं.

नंतर क्लासचं होस्टिंग बदललं. नवा सर्व्हर यूटीसीवर. आता बघा, १० वाजता लॉगिन, यूटीसी मुदत ०६:३०, अधिक साडेपाच म्हणजे १२:००, आणि हे १२:०० आता यूटीसी धरले जातात, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. दोन तासांच्या जागी साडेसात तास सेशन उघडं. क्लासच्या रिसेप्शनवर कॉम्प्युटर एकच, सकाळी एक ताई बसते, दुपारनंतर एक मुलगा. तो आला की स्क्रीन उघडीच, तो तसाच काम सुरू करायचा, त्याला माहितीच नाही की तो ताईच्या नावावर आहे.

आमच्याकडे यासाठी दुसरी एक कडी होती, सेशन कितीही वापरात असलं तरी बनल्यापासून १२ तासांनी मरणार. ती पण लागत नव्हती. टेबलात 'कधी बनलं' हा टाइमस्टँप प्रकारचा पहिला कॉलम होता, आणि मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये असा पहिला कॉलम, त्याला काही सांगितलं नसेल तर, आपोआप ऑन अपडेट करंट_टाइमस्टँप होतो. म्हणजे ओळ कधीही बदलली की त्यात आत्ताची वेळ. आम्ही तर प्रत्येक क्लिकला ओळ बदलतो! सेशन प्रत्येक क्लिकला नव्याने जन्माला येत होतं, बारा तास होणार कुठून. ८.० मध्ये हे डिफॉल्ट बदललंय, नवा सर्व्हर ८.० चा आहे, पण जुन्यावरून डंप (टेबलांची पूर्ण प्रत) घेतला तेव्हा तो गुण कॉलमच्या व्याख्येत स्पष्ट लिहून आला, त्यामुळे नव्या घरातही तोच कायम.

मी क्लासच्या सरांना फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. ते जरा गप्प झाले आणि म्हणाले की मागे एक फीची पावती रद्द झाली होती, ताईच्या नावावर दिसत होती, ती म्हणत होती मी केली नाही, आम्ही तिचं फारसं मनावर घेतलं नाही. लॉगमध्ये वेळ बघितली तर संध्याकाळी पाच वाजून काही मिनिटं, ताई दोनला घरी जाते. त्या मुलाने काही वाईट हेतूने केलं नव्हतं, पालकांनी चुकीच्या बॅचची फी भरली होती म्हणून रद्द केली होती. पण ताईला प्रश्न विचारले गेले होते. सरांनी तिची माफी मागितली, मीही मागितली. हा प्रसंग मी मुद्दाम लिहितेय कारण टाइम झोनचे बग म्हटलं की लोकांना वाटतं चुकीची वेळ दिसेल, फार तर काय.

मग काय केलं

टीममध्ये यावर चांगला वाद झाला. दादा, आमच्यातले सगळ्यात अनुभवी, त्यांचं म्हणणं की वेळ डेटाबेसच्याच घड्याळाची घ्यावी कारण ॲप सर्व्हर उद्या दोन झाले तर त्यांची घड्याळं वेगळी असू शकतात, डेटाबेस एकच असतो. मुद्दा बरोबर आहे. माझं म्हणणं होतं की आमच्याकडे प्रत्येक संस्थेला ॲप सर्व्हर एकच आहे, एनटीपीवर (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) लावलेला, आणि दोन तासांच्या मुदतीत एखाद्या सेकंदाने काही बिघडत नाही, पण 'आत्ता' हा शब्द प्रत्येक डेटाबेस वेगळा उच्चारतो तो मला तुलनेत नकोच. पोस्टग्रेसचं नाऊ तर ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाची वेळ देतं, मायएसक्यूएलचं नाऊ स्टेटमेंट सुरू झालं तेव्हाची. शेवटी माझं ऐकलं गेलं, पण ज्याच्याकडे ॲप सर्व्हर अनेक आहेत त्याने दादांचं ऐकावं, फक्त तिथेही १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा मागावा, मायएसक्यूएलमध्ये युनिक्स_टाइमस्टँप, एसक्यूलाइटमध्ये ३.३८ पासून युनिक्सइपॉक, पोस्टग्रेसमध्ये नाऊमधून इपॉक काढून.

तर आता मुदत आणि बनल्याची वेळ दोन्ही बिगइंट (६४ बिटांचा पूर्णांक) कॉलममध्ये, १ जानेवारी १९७० यूटीसीपासूनचे सेकंद. आकडा ॲप काढतं, तुलनेचा 'आत्ता'ही ॲप पॅरामीटर म्हणून देतं, एसक्यूएलमध्ये वेळेचं एकही फंक्शन नाही. आकड्याला झोन नसतो आणि आकडा तिन्हीकडे आकड्यासारखाच वागतो. साधं इंटिजर का नाही, तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ते ३२ बिटांचं, १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतं, आणि मायएसक्यूएलचा टाइमस्टँप कॉलमही तिथेच संपतो.

यातही दोनदा ठेच लागली. जावास्क्रिप्ट सेकंद नाही, मिलिसेकंद देतं, एका जागी हजारने भागायचं राहिलं होतं. आणि पोस्टग्रेसचं बिगइंट नोडमध्ये नंबर म्हणून येत नाही, स्ट्रिंग म्हणून येतं, त्यात ७२०० मिळवले की बेरीज होत नाही, शेवटी चिकटतात. दहा अंकी आकडा चौदा अंकी झाला, सेशन पाच लाखांहून जास्त वर्षं चालणार असं. कुठे एरर नाही. टेस्ट होती म्हणून सापडलं.

टेस्टबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचे सगळे लॅपटॉप भारतीय वेळेवर, म्हणून आधी आम्ही यूटीसी आणि कोलकाता अशा दोनच झोनमध्ये टेस्ट चालवल्या. दादांनी तिसरा सुचवला, काठमांडू, कारण नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. कोणी कुठे १९८०० हातानं लिहून ठेवला असेल तर काठमांडूत तो नेमका १५ मिनिटांनी उघडा पडतो. हे मला कधी सुचलं नसतं. आता प्रत्येक टेस्ट तीन डेटाबेस आणि तीन झोन अशी नऊ वेळा चालते, आणि पूलमधलं एक कनेक्शन मुद्दाम बिघडवून पण चालते. मायएसक्यूएलमध्ये झोनचं नाव चालायला आधी झोनची टेबलं भरावी लागतात, नाहीतर अनोळखी झोन म्हणून एरर येते, ते धाकट्याने करून ठेवलं.

याच दरम्यान बडोद्याहून एका संस्थेने विचारलं की आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे, त्यावर चालेल का. जुनी मायग्रेशन फाइल चालवून बघितली तर टेबल बनवतानाच सरळ नकार, कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाइमस्टँप या प्रकाराचा वेळेशी संबंधच नाही, ती ओळ बदलली की आपोआप बदलणारी एक खूण असते, रोव्हर्जन, त्यात आपल्याला काही लिहिताच येत नाही, आणि एका टेबलात असा कॉलम एकच चालतो. चौघांपैकी याने एकट्याने तोंडावर सांगितलं की हे चुकतंय. नवी फाइल तिथे विनातक्रार चालली.

जुनी सेशन आम्ही नव्या कॉलममध्ये बदलून नेली नाहीत. कुठली ओळ कोणत्या झोनमध्ये लिहिली गेली ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि सेशन ही फेकून देण्याचीच गोष्ट आहे, लोक परत लॉगिन करतात. रात्री टेबल रिकामं केलं. आदल्या दिवशी काकूंना, काकांना आणि ग्वाल्हेरच्या दोघांना फोन करून सांगितलं की उद्या सकाळी एकदा लॉगिन करायला लागेल, घाबरू नका, ते आम्हीच केलंय.

काकूंची वही अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी दाखवली, लॉगआउटची नोंद नाही, पण एका पानावर लिहिलंय, "पावतीवरची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ, ४ मिनिटं फरक." मी बघितलं तर भिंतीवरचं घड्याळच मागे होतं, तसं सांगितलं त्यांना. पण ऑफिसला येऊन पावतीच्या छपाईचा कोड काठमांडूत चालवला, आणि १५ मिनिटांचा फरक आला. तिथेही कोणीतरी १९८०० लिहून ठेवलेत. धाकटा आत्ता त्यावरच बसलाय.